छायाचित्राच्या कडेला उभी असलेली माणसे

चांद्रयान-३ चा ‘विक्रम’ लँडर २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळील प्रदेशात उतरला आणि तेव्हापासून हा दिवस राष्ट्रीय अंतराळ दिन म्हणून देशभर साजरा होतो. या निमित्ताने आमच्या संस्थेत एक छोटी चित्रफीत तयार करण्याचे ठरले. सामग्री तीन प्रकारची होती: निरनिराळ्या राज्यांतील शाळांनी फोनवर चित्रित करून पाठवलेले व्हिडिओ, त्यांतील बहुतेक उभे, जुन्या टीव्हीच्या काळातले काही चित्रण, आणि सुमारे चाळीस वर्षांपूर्वी काढलेले संस्थेचे एक समूह-छायाचित्र. चित्रफीत फोनवर पाहिली जाणार म्हणून उभी करावी, अशी सूचना आली होती.

पहिला मसुदा आमच्या एका संशोधक विद्यार्थिनीने मोठ्या कष्टाने तयार केला. तो पाहताना समूह-छायाचित्रापाशी मी थांबले. मूळ छायाचित्रात तीन रांगांत चाळीसेक माणसे आहेत. पडद्यावर मात्र मधल्या खुर्च्यांवर बसलेले तत्कालीन संचालक आणि त्यांच्या आजूबाजूचे प्राध्यापक एवढेच उरले होते. डाव्या टोकाला उभे असलेले, निर्वात प्रयोगांसाठी काचेची उपकरणे घडवणारे कारागीर नाहीसे झाले होते. आम्ही त्यांना काका म्हणत असू. माझ्या पीएचडीच्या काळात त्यांनी घडवलेल्या काचनळ्यांविना माझे एकही मोजमाप झाले नसते. आता निवृत्त झालेल्या काकांना या कार्यक्रमाचे आमंत्रण गेले होते.

“मॅडम, मी कुणालाही मुद्दाम वगळलेले नाही,” विद्यार्थिनी ओशाळून म्हणाली. “अ‍ॅपने चौकट भरण्यासाठी आपोआप क्रॉप केले. नाहीतर वर-खाली काळ्या पट्ट्या येतात, त्या वाईट दिसतात.”

तिचे म्हणणे खरेच होते. तिने कुणालाही वगळले नव्हते; चौकटीने वगळले होते. हा निर्णय चौकटीने घ्यावा, अशी व्यवस्था कधी आणि कशी निर्माण झाली, याचा शोध घेताना जो इतिहास हाती लागला, तो येथे मांडत आहे.

आधी थोडे गणित. कोणत्याही आयताकृती चित्राची रुंदी भागिले उंची म्हणजे त्याचे गुणोत्तर. ज्यांची गुणोत्तरे भिन्न आहेत असे दोन आयत एकमेकांत तंतोतंत बसत नाहीत. युक्लिडच्या भूमितीत त्याला उपाय नाही. म्हणून मार्ग तीनच उरतात: चित्र कातरणे, चित्र ताणणे किंवा चौकटीत रिकामी जागा सोडणे. लहान गुणोत्तराला मोठ्या गुणोत्तराने भागले की जी संख्या मिळते, तिच्यात या व्यवहाराचा सारा हिशेब सामावलेला असतो. समूह-छायाचित्राचे गुणोत्तर ३:२ आणि फोनच्या उभ्या पडद्याचे ९:१६. भागाकार येतो ०.३७५. चित्र कातरून पडदा भरला, तर चित्राचा केवळ ३७.५ टक्के भाग उरतो. चित्र न कातरता बसवले, तर पडद्याचा ३७.५ टक्के भाग वापरला जातो आणि उरलेला रिकामा राहतो. दोन्हीकडे संख्या तीच! भिन्न गुणोत्तरांच्या भेटीत तूट ठरलेलीच असते. ती चित्राने सोसायची की पडद्याने, एवढीच निवड आपल्या हाती असते.

गेल्या सव्वाशे वर्षांचा चित्रचौकटीचा इतिहास हा या एका निवडीचा इतिहास आहे.

त्याचा आरंभ अमेरिकेत, एडिसनच्या प्रयोगशाळेत झाला. १८९० च्या दशकाच्या प्रारंभी तेथील विल्यम डिक्सन यांनी ईस्टमन कंपनीची ७० मिलिमीटर रुंदीची फिल्म उभी चिरून ३५ मिलिमीटरची पट्टी केली. तिच्या दोन्ही कडांना छिद्रे पाडली आणि प्रत्येक चित्राला चार छिद्रांइतकी उंची दिली. त्यातून सुमारे २४ मिलिमीटर रुंद आणि १८ मिलिमीटर उंच अशी चौकट निर्माण झाली. हेच ते ४:३ गुणोत्तर. त्यामागे सौंदर्यशास्त्राचा एखादा गहन सिद्धान्त शोधण्याची गरज नाही. पट्टीची रुंदी आणि छिद्रांची संख्या यांतून ते यंत्राच्या सोयीने आले. पुढे ३५ मिलिमीटरची ही फिल्म जगभर रूढ झाली. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली प्रदर्शित झाला, तोही याच फिल्मवर.

स्थिरचित्रांचे प्रचलित गुणोत्तर याच पट्टीतून जन्मले. जर्मनीतील ऑस्कर बार्नाक यांनी चित्रपटाची फिल्म आडवी फिरवणारा छोटा कॅमेरा घडवला आणि चित्रपटाच्या दोन चौकटींची जागा एका छायाचित्राला दिली. २४ गुणिले १८ दुप्पट झाले, ते ३६ गुणिले २४. हा लायका कॅमेरा १९२५ साली बाजारात आला आणि ३:२ हे गुणोत्तर रूढ झाले. आमचे समूह-छायाचित्र त्याच वंशातले.

चित्रपट बोलू लागला, तेव्हा ध्वनीची पट्टी फिल्मच्या एका कडेला छापावी लागली. तिने चित्राची रुंदी खाल्ली. म्हणून १९३२ साली हॉलिवूडच्या अकादमीने १.३७ हे नवे प्रमाण ठरवले, जे ४:३ च्या अगदी जवळचे होते. पुढे टीव्हीने ४:३ चा स्वीकार केला. म्हणजे चित्रपटगृह आणि घर यांची चौकट काही काळ जवळजवळ एकच होती आणि काहीही कातरण्याची गरज नव्हती.

हा सलोखा टीव्हीच्याच यशाने संपुष्टात आला. प्रेक्षक घरी बसू लागला, तेव्हा त्याला परत आणण्यासाठी चित्रपटाने घरी मावणार नाही असा रुंद पडदा निवडला. १९५३ साली ‘द रोब’ हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट आला. त्याच्या मुळाशी फ्रेंच प्राध्यापक आंरी क्रेतिएँ यांचे भिंग होते. हे भिंग दृश्य आडव्या दिशेने दुपटीने आकसून फिल्मवर उतरवी आणि प्रक्षेपकावरचे तसेच भिंग ते पुन्हा पसरवी. वरच्या तीन मार्गांपैकी हा दुसरा मार्ग, चित्र ताणण्याचा. परंतु तो शहाणपणाने योजलेला होता. भौतिकशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर हे रूपांतरण उलटवता येते. आकसलेले पुन्हा पसरता येते. कातरलेले पुन्हा जोडता येत नाही. माहितीच्या दृष्टीने या दोहोंत जमीन-अस्मानाचा भेद आहे.

भारतात ही दोन टोके एकाच वर्षी अवतरली. १९५९ साली गुरुदत्त यांचा ‘कागज के फूल’ हा भारतातील पहिला सिनेमास्कोप चित्रपट प्रदर्शित झाला. त्याचे छायाचित्रण व्ही. के. मूर्ती यांचे. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला दिल्लीत टीव्हीचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले. एकाचे गुणोत्तर २.३५ च्या घरात, दुसऱ्याचे १.३३. भागाकार ०.५७. म्हणजे असा चित्रपट टीव्हीच्या पडद्यावर पूर्ण भरून दाखवायचा, तर चित्राचा ४३ टक्के भाग फेकून द्यावा लागे. टीव्हीसाठी चित्रपट तयार करणारे तंत्रज्ञ मग कातरलेली खिडकी दृश्यावरून इकडून तिकडे सरकवत. दोन पात्रांचा संवाद असेल, तर बोलणारा दिसे आणि ऐकणारा नाहीसा होई. ऐकणाऱ्याचा चेहरा हाच कित्येकदा त्या दृश्याचा प्राण असतो, याची नोंद त्या खिडकीला नसे.

यापुढचा अध्याय मला सर्वाधिक प्रिय आहे, कारण तो एका अभियंत्याने कागदाच्या तुकड्यांनी लिहिला. १९८० च्या दशकात हाय डेफिनिशन टीव्हीची चौकट कशी असावी, यावर अमेरिकेत विचारविनिमय सुरू होता. आरसीए कंपनीच्या प्रयोगशाळेतील कर्न्स पॉवर्स यांनी प्रचलित गुणोत्तरांचे, १.३३ पासून २.३५ पर्यंतचे, समान क्षेत्रफळाचे आयत घेतले आणि त्यांचे मध्यबिंदू जुळवून ते एकमेकांवर ठेवले. त्या सर्वांना सामावून घेणारा बाहेरचा आयत आणि त्या सर्वांमध्ये सामाईक असलेला आतला आयत, या दोहोंचे गुणोत्तर एकच निघाले: सुमारे १.७७.

हा योगायोग नव्हे. क्षेत्रफळ एक एकक धरले, तर आयताची रुंदी गुणोत्तराच्या वर्गमुळाइतकी आणि उंची त्याच्या व्यस्ताइतकी असते. बाहेरच्या आयताला सर्वांत रुंद चित्राची रुंदी आणि सर्वांत उंच चित्राची उंची घ्यावी लागते. त्याचे गुणोत्तर दोन टोकांच्या गुणाकाराचे वर्गमूळ, म्हणजे भौमितिक मध्य येते. आतल्या आयताचेही तेच. त्याला जवळचे सोपे गुणोत्तर १६:९, आणि ते ४:३ चा नेमका वर्ग आहे. या चौकटीत जुन्या टीव्हीचे चित्र न कातरता ठेवले, तर ७५ टक्के पडदा वापरला जातो. सिनेमास्कोपचे ठेवले, तर ७५.७ टक्के. तूट दोघांच्या वाट्याला जवळजवळ सारखीच येते. आज आपल्या घरातील टीव्ही, संगणक आणि फोनवरील व्हिडिओ यांचे गुणोत्तर या न्याय्य वाटणीतून आलेले आहे. म्हणजे १६:९ ची चौकट रिकाम्या पट्ट्या गृहीत धरूनच निवडलेली होती. त्या पट्ट्यांना दोष समजून चित्र कातरू लागलो, ते आपण.

पॉवर्स यांच्या हिशेबात एक गोष्ट नव्हती: पडदा हातात उभा धरला जाईल, ही. फोनचा संवेदक सामान्यतः ४:३ असतो आणि फोटो त्याच आकाराचा निघतो. व्हिडिओ मात्र त्याच संवेदकाचा काही भाग सोडून १६:९ मध्ये घेतला जातो. एकाच जागी उभे राहून एकाच फोनने घेतलेला फोटो आणि व्हिडिओ म्हणूनच एकमेकांत बसत नाहीत. त्यात फोन कधी उभा, कधी आडवा. उभा ९:१६ व्हिडिओ आडव्या १६:९ पडद्यावर पूर्ण भरला, तर त्याचा ३१.६ टक्के भाग उरतो, दोन-तृतीयांशाहून अधिक नाहीसा होतो. चंद्राकडे बोट दाखवणाऱ्या मुलीचा चेहरा उरतो, बोट जाते आणि चंद्रही.

पॉवर्स यांचाच नियम येथे लावून पाहू. १६:९ आणि ९:१६ यांचा भौमितिक मध्य नेमका १ येतो, म्हणजे चौरस. चौरसात उभा आणि आडवा दोन्ही व्हिडिओ समान ५६ टक्के जागा व्यापतात. ४:३ चे फोटो, उभे असोत वा आडवे, ७५ टक्के. इन्स्टाग्राम २०१० साली सुरू झाले, तेव्हा तेथे चौरसच चाले. २०१५ च्या ऑगस्टमध्ये इतर आकारांना मुभा मिळाली. चंद्रावर अपोलोच्या अंतराळवीरांनी वापरलेल्या हॅसलब्लाड कॅमेऱ्यांची चित्रेही चौरसच होती. चौरस चौकटीच्या कॅमेऱ्याला उभे-आडवे करावे लागत नाही.

मात्र पडदा नेहमी आपल्या पसंतीचा नसतो. तो दिलेला असेल, तेव्हा आणखी एक वाट उघडते: एका चौकटीत एकाहून अधिक चित्रे शेजारी-शेजारी मांडण्याची. हे गणित दहावीच्या विद्यार्थ्याला आधीच ठाऊक असते. समान उंचीची चित्रे एका ओळीत ठेवली, तर त्यांच्या गुणोत्तरांची बेरीज होते. समान रुंदीची चित्रे एकाखाली एक ठेवली, तर गुणोत्तरांच्या व्यस्तांची बेरीज होते. रोधांच्या एकसर आणि समांतर जोडणीचे नियम हेच! हे साम्य वरवरचे नाही. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातील चार विद्यार्थी, ब्रुक्स, स्मिथ, स्टोन आणि टट, एका आयताचे परस्परभिन्न चौरसांत विभाजन करण्याचे कोडे सोडवत होते. तसे विभाजन म्हणजे एक विद्युतमंडल असून त्याला किरखॉफचे नियम लागू पडतात, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांचा हा शोधनिबंध १९४० साली प्रसिद्ध झाला.

या नियमाने आमचा प्रश्न बराच सुटला. ९:१६ चे तीन उभे व्हिडिओ शेजारी ठेवले, तर २७:१६ असे गुणोत्तर होते आणि सभागृहातील १६:९ चा पडदा ९५ टक्के भरतो. उंची दिलेल्या पडद्याला साजेशी लहान-मोठी करायची, गुणोत्तरांना हात लावायचा नाही. तीन राज्यांतील तीन शाळा एकाच वेळी दिसल्या, कुणाचेही काही गेले नाही. दुसरे उदाहरण: डावीकडे एक उभा व्हिडिओ, त्याच्या उजवीकडे, त्याच्याच उंचीत, वर ४:३ चा आडवा फोटो आणि खाली १६:९ चा आडवा व्हिडिओ. हिशेब केला, तर एकूण गुणोत्तर १.३२४ येते. तीन आधुनिक आकार मिळून डिक्सन यांच्या जुन्या ४:३ चौकटीत ९९ टक्के बसतात!

आता समूह-छायाचित्राकडे पुन्हा वळू. आँरी कार्तिए-ब्रेसाँ हे विसाव्या शतकातील थोर छायाचित्रकार. आपले छायाचित्र कुणी कातरू नये, असा त्यांचा आग्रह असे. १९३२ सालचे पॅरिसमधील रेल्वेस्थानकामागचे त्यांचे विख्यात छायाचित्र मात्र त्यांना स्वतःला कातरावे लागले, कारण कुंपणाची फळी भिंगाच्या आड आली होती. हेच कार्तिए-ब्रेसाँ १९६० च्या दशकात केरळातील थुंबा येथे आले होते. सायकलच्या मागे ठेवून अग्निबाणाचे टोक वाहून नेले जात आहे, हे जगप्रसिद्ध छायाचित्र त्यांचेच. भारतीय अंतराळ कार्यक्रमाच्या आरंभकाळाचे प्रतीक ठरलेल्या या चित्राच्या केंद्रस्थानी कुणी पदाधिकारी नाही. सायकल धरून चालणारी माणसे आहेत. समूह-छायाचित्राची प्रथा याच्या उलट असते. पदाने मोठा तो मध्ये आणि कार्यशाळेतला तो कडेला, अशी तेथे माणसांची मांडणी असते. चौकट भरण्यासाठी यंत्र जेव्हा कडा कापते, तेव्हा ते नकळत पदानुक्रमानेच माणसे कापते. कापणाऱ्याच्या मनात तसे काहीच नसते, हीच त्यातील खरी अडचण.

कडा केवळ जागेच्या नसतात, कारणांच्याही असतात. १९८१ सालचे ‘अ‍ॅपल’ या उपग्रहाचे बैलगाडीवरील छायाचित्र आपण सर्वांनी पाहिलेले आहे. देशाच्या गरिबीचा दाखला म्हणून ते अनेकदा दाखवले जाते. वास्तविक उपग्रहाच्या अँटेनाची चाचणी चुंबकीय अडथळा नसलेल्या परिस्थितीत घ्यायची होती, म्हणून बैलगाडी विचारपूर्वक निवडलेली होती. चित्र पूर्ण उरले, कारण मात्र कातरले गेले आणि प्रयोगाचा विनोद झाला.

आम्ही चित्रफीत पुन्हा बांधली. सभागृहासाठी आडवी आणि फोनसाठी चौरस, अशा दोन प्रती केल्या. समूह-छायाचित्र दोन्हींत प्रथम अखंड दाखवले. चौरसात ते दोन-तृतीयांश जागा व्यापते. वर-खाली साधी काळी जागा सोडली. त्याच चित्राची धूसर प्रत मागे पसरून जागा भरण्याची रीत हल्ली टीव्हीवरील बातम्यांत दिसते. ती आम्ही टाळली. जेथे माहिती नाही तेथे ती असल्याचा आभास निर्माण करू नये, हे आम्ही आलेख काढताना विद्यार्थ्यांना शिकवतो. चित्राला वेगळा न्याय कशाला? अखंड चित्रानंतर एकेक रांग डावीकडून उजवीकडे, सावकाश, जवळून दाखवली.

आपणही घरातील लग्नाची, शाळेच्या संमेलनाची किंवा आजी-आजोबांची चित्रे एकत्र गुंफत असाल, तर तीन गोष्टी जरूर कराव्यात. मूळ प्रती कधीही बदलू नयेत, काम नेहमी नकलेवर करावे. अ‍ॅपमध्ये ‘फिल’ऐवजी ‘फिट’ निवडावे. आणि चौकट आधी ठरवून चित्रे तिच्यात कोंबण्यापेक्षा आधी चित्रांची गुणोत्तरे पाहून मग चौकट ठरवावी.

कार्यक्रमाच्या दिवशी काका आले होते. पडद्यावर ते छायाचित्र आले, तेव्हा त्यांनी स्वतःकडे फारसे पाहिले नाही. ते उजव्या टोकाच्या दोन माणसांकडे बोट दाखवून म्हणाले, “हा आमचा लेथवरचा, आणि तो द्रवरूप नायट्रोजन भरायचा.” त्या दोघांची नावे त्यांनी सांगितली. संस्थेच्या नोंदीत त्या छायाचित्राखाली मधल्या रांगेचीच नावे होती. विद्यार्थिनीने ती दोन नावे तेथेच वहीत लिहून घेतली. आता ती नोंदीत आहेत.